उजवीकडचा खिसा

फौजदार कुठल्याही वस्तूच्या समोर आधी जात नसे, मागून जायचा. ऑफिसात नवी खुर्ची आली, तर बसण्याआधी ती उलटी करून स्क्रू बघायचा. बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी त्याची चिकटवलेली कड नखाने चाचपायचा. पोलीस खात्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सांगलीत एका बॅटरीच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमच्या सरांचं ऑफिस होतं आणि तिथे तो आणि मी संगणकावर मूर्ती घडवायचो. माती नाही, छिन्नी नाही. पडद्यावरचा गोळा पेनाने दाबायचा, ओढायचा, कापायचा. मग तो कुणाच्या गेममध्ये जायचा, कुणाच्या जाहिरातीत, तर कधी ओतकामाच्या साच्यात. माझ्याकडे चेहरे, हात, कपड्यांच्या चुण्या. त्याच्याकडे सगळं कडक सामान: हेल्मेट, बंदुका, बकलं, मोटारसायकली. या कामाला हार्ड सरफेस म्हणतात आणि त्यात फौजदाराचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचे. पाठीमागे ऑफिसातले सगळे फौजदार म्हणायचे, आणि ते त्याला माहीत होतं.

तो आटपाडीकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बाजाराच्या दिवशी काही विक्रेते मेंढराला मीठ चारून पोटभर पाणी पाजतात, म्हणजे ते गुबगुबीत दिसतं, हे त्याने लहानपणीच पाहिलेलं. त्याचे वडील कधी मेंढराकडे नुसते बघत नसत. लोकरीत हात घालून पाठीचा कणा चाचपत. फौजदाराने ती सवय उचलली आणि संगणकावर आणली. आम्ही एखादं मॉडेल झोकात गुळगुळीत करून त्याला दाखवलं, की तो वरचा गुळगुळीतपणा बंद करायचा आणि खालची जाळी उघडी करायचा. पडद्यावरची प्रत्येक वस्तू अशा चौकोनांच्या जाळीची बनलेली असते. जाळी नीट ओढलेली नसेल, तर चौकोनांचे नुसते तुकडे वाढवून वरून गुळगुळीत करता येतं. दिसायला छान, पण प्रकाश फिरवला की पोचे दिसतात. फौजदार ती जाळी बघून मान हलवायचा आणि म्हणायचा, "पाणी पाजलेलं हाय." एवढंच. मग आपण गुपचूप पहिल्यापासून सुरुवात करायची.

धारदार कडेवर तर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. नवीन माणूस पत्र्याची पेटी करतो तेव्हा तिच्या कडा अगदी सुरीसारख्या ठेवतो. संगणकाला त्याचं काही वाटत नाही. फौजदार विचारायचा, "ही पेटी कुठं बनली? पत्रा वाकवून का ओतून? वाकवला आसंल तर वाकताना पत्रा जरा तरी गोल झाला आसंल का न्हाई? मग तो गोल कुठं गेला?" आणि त्या कडेला केसभर गोलाई देऊन, तिच्या दोन्ही बाजूंना जाळीची एकेक जास्तीची रेघ ओढून तो ती कड जागच्या जागी बांधून टाकायचा. लगेच तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ उमटायची आणि पेटी खरी वाटायला लागायची. हे तो अगदी सहज करायचा, पण आपल्याला वाटायचं की पेटीची उलटतपासणी चालली आहे.

त्याचा सगळ्यात मोठा राग सिमेट्रीवर. अर्धं हेल्मेट करायचं, उरलेलं अर्धं संगणक आपोआप आरशासारखं करून देतो. सगळे तसंच करतात, तोही करायचा. पण काम संपत आलं की ती सोय बंद करून तो एक बाजू बिघडवायला बसायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, चांगलं झालंय की. कशाला हात लावताय?" तर म्हणाला, "रोज एकाच खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा पट्टा दोन्हीकडं सारखा झिजंल व्हय गं? दोन्हीकडनं सारखी दिसणारी गोष्ट कुणीतरी मुद्दाम केलेली आसती."

माणसांच्या बाबतीतही तो असाच. मी साताऱ्याची, म्हणजे गोड बोलून काम काढून घेणारी, हे त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. मी जेवायला गेले की तो माझ्या मशीनवर बसून माझ्या फाइली उघडायचा. हे कळल्यावर मलाही संशयाने घेरलं. माझे चेहरे सरांना तोच आधी दाखवत असेल, माझ्या चुका आधी तोच सांगत असेल, असं काय काय मनात यायचं. मी पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पासवर्ड कशाला घातलायस? काय लपवतीस?" त्याच्या तोंडून ते ऐकून मी इतकी चिडले की आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. बोलत नाही म्हणजे काहीतरी लपवतेय, हे त्याचं पक्कं झालं होतं.

अशातच कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाचं काम आलं. गावचा एक तरुण जवान सीमेवर शहीद झाला होता. गावाने चौकात त्याचा पूर्ण उंचीचा पुतळा उभारायचं ठरवलं होतं. आम्ही संगणकावर तो घडवायचा आणि मग त्याचा साचा होऊन ब्राँझमध्ये ओतकाम व्हायचं. चेहरा माझ्याकडे, हेल्मेट, बंदूक, पट्टा, बूट फौजदाराकडे. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, वडील आधीच गेलेले. घरात एकटी आई. तिने तिच्याकडे होते ते सगळे फोटो आम्हाला दिले. गणवेशातला एक होता, पण तो स्टुडिओवाल्याने इतका साफ केलेला की त्यात तोंडावर काही शिल्लक नव्हतं. बाकीचे त्याने स्वतःच्या फोनवर काढून आईला पाठवलेले सेल्फी. हसरा, जरा वाकड्या नाकाचा मुलगा, भुवईवर जुन्या जखमेची खूण. मी त्यांच्यावरूनच चेहरा केला आणि मन लावून केला.

आई एका नातेवाइकाबरोबर सांगलीला आली. पडद्यासमोर बसली, आणि मी चेहरा उघडल्याबरोबर तिने पदर तोंडाला लावला. "ह्योच," म्हणाली. "ह्योच माझा." सरांनी विचारलं, "मावशी, ती खूण बरोबर आहे ना?" तिने पडद्यावरच्या खुणेकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही काय, हितंच हाय की." सरांचेही डोळे भरून आले. माझेही. ओतकामाला पाठवायची तारीख लगेच ठरली.

फौजदार मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता. ती गेल्यावर म्हणाला, "ह्याच्यावर इश्वास ठेवू नका."

सर भडकले. "अरे, त्याची आई हो म्हणाली. आता तू कोण?"

"आई हाय म्हणूनच म्हणतो. तिला पडद्यावर ढग दाखवला आसता तरी पोरगा दिसला आसता. आन खूण आपणच दाखवायची आन हितंच का म्हणून आपणच इचारायचं, ती न्हाई कशी म्हणंल?"

मला हे ऐकवेना. एका आईच्या रडण्याचीही याने तपासणी करावी म्हणजे काय? मी तसं त्याला बोलून दाखवलं.  तो माझ्या मशीनवर बसला आणि त्या जवानाचे फोटो एकेक करून मोठे करू लागला. तो चेहऱ्याकडे बघतच नव्हता. कॉलर, गुंड्या, शिवण, असं त्याचं चाललेलं. मग एका फोटोवर थांबला. सुट्टीत घरी आल्यावर अंगणात काढलेला, चौकड्यांच्या शर्टातला.

"शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला आसतो?"

"डावीकडे," मी म्हणाले.

"मग ह्याचा उजवीकडं कसा?"

मी बघितलं. खिसा उजव्या छातीवर होता. शिंप्याने चुकून शिवला असेल, असं मी म्हटलं खरं, पण मग मला सेल्फीचं आठवलं. काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा साठवला जातो. फोटो उलटे असतील, तर मी केलेल्या चेहऱ्याचं नाक उलट्या बाजूला वाकलेलं होतं, भांग उलटा होता आणि खूण दुसऱ्या भुवईवर होती. ब्राँझमध्ये एकदा ओतलं की ते कायमचं. मुलाचा उलटा चेहरा गावच्या चौकात उभा राहिला असता आणि ती माउली रोज त्याच्यासमोरून बाजाराला गेली असती. मी म्हटलं, "फोन करून विचारूया, कुठली भुवई."

"इचारू नको," फौजदार म्हणाला. "इचारलं की माणूस आपल्याला बरं वाटंल ते सांगतं. हातात देऊ."

त्याने थ्रीडी प्रिंटरवर त्या चेहऱ्याचा खऱ्या मापाचा प्रिंट काढला, नुसतं डोकं, पांढऱ्या प्लास्टिकचं. ते टॉवेलात गुंडाळून आम्ही एसटीने कोरेगाव गाठलं आणि तिथून रिक्षाने गावात गेलो. रिक्षात त्याने ते मांडीवर धरलं होतं आणि खड्डा आला की रिक्षावाल्याकडे असा बघायचा, जणू त्यानेच तो खड्डा खणला होता.

आई ओसरीवर शेंगा निवडत होती. आम्ही कशाला आलो ते फौजदाराने सांगितलं नाही. "आई, जरा धरा ह्ये," म्हणाला, आणि डोकं तिच्या हातात दिलं. तिने ते मांडीवर घेतलं. वरून हात फिरवला, कान चाचपले. मग तिचा अंगठा आपसूक भुवईवर गेला. ज्या भुवईवर आम्ही खूण केली होती तिच्यावर नाही, दुसरीवर. तिथे तो अंगठा मागेपुढे फिरला आणि थांबला. ती आमच्याकडे बघायला लागली.

"हितली खोक कुठं गेली?" ती म्हणाली. "विट्टी लागलेली हुती. मीच हळद भरलेली."

मला रडू आलं. फौजदाराने मान खाली घातली. "आमचं चुकलं, आई," म्हणाला. "फोटो उलटा हुता. चौकात बरोबर उभा करतो." आणि डोकं परत घ्यायला त्याने हात पुढे केला. चुकलेली वस्तू ऑफिसबाहेर ठेवायची नाही, हा त्याचा नियम होता. चुकलेले प्रिंट तो स्वतः फोडायचा.

तिने डोकं छातीशी धरलं.

"ह्ये ऱ्हाऊ दे."

"आई, ह्ये उलटं हाय. मी दुसरं आणून देतो, बरोबरचं."

"चुकलेला आसू दे रं. हातात तर आला."

फौजदाराचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्याने टॉवेल उचलला, त्याची घडी केली आणि निघाला. परतताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. कऱ्हाड गेल्यावर मला म्हणाला, "तुझ्या फाइली मी का बघायचो सांगू? चेहरा मला जमत न्हाई. तू कसा करतीस ते बघायचो." मी म्हटलं, "मग विचारायचं होतं." तो म्हणाला, "इचारल्यावर तू खरं सांगितलं आसतंस व्हय?" त्या दिवशी मी त्याच्यावर चिडले नाही. हा माणूस मला आवडतो, हे मला तिथे एसटीत कळलं, आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती, कारण त्याला लगेच वाटलं असतं की हिचं काहीतरी काम आहे.

चेहरा आम्ही पलटवला. संगणकावर ते क्षणात होतं. पुतळा ओतला गेला. मधल्या काळात फौजदाराला हैदराबादच्या एका कंपनीने बोलावून घेतलं. तिथलं नेमणुकीचं पत्र त्याने तीन माणसांकडून वाचून घेतलं आणि मग गेला. अनावरणाला मी एकटीच होते. गावातले सगळे माजी सैनिक पुतळ्याभोवती फिरून बंदूक, पट्टा, बुटांच्या नाड्या बघत होते आणि कुणालाही खोट काढता आली नाही. आईने बाकीच्यांसारखंच खालून हात जोडले आणि लवकर घरी गेली. मीही तिच्या मागोमाग गेले. ती ओसरीवर बसली होती आणि मांडीवर ते पांढरं डोकं होतं. हात लागून लागून नाकावर मळकट झालेलं.

"मावशी, पुतळा आवडला ना?"

"आवडला की. लय चांगला झालाय," ती म्हणाली. "पर तो गावाचा हाय. ह्यो माझा."

त्याच संध्याकाळी मी फौजदाराला फोन करून हे सांगितलं.  तो म्हणाला, "आतनं पोकळ हाय ते. लवकर निघावं म्हणून भिंत पातळ ठेवलेली मी. हातातनं निसटलं तर राहत न्हाई."

"मी सांगते त्यांना, जपून ठेवा म्हणून."

"तू सांगशील, ती व्हय म्हणंल, आन रोज उचलंल. मीच येतो."

तो हैदराबादहून खरंच आला आणि आम्ही दोघं गावात गेलो. येताना प्लास्टरची पिशवी घेऊन आला. आईच्या अंगणात बसून त्याने ते डोकं उलटं करून मडक्यासारखं दोन पायांत धरलं आणि मानेच्या भोकातून थोडं थोडं प्लास्टर आत ओतलं. एकदम ओतलं तर ते तापतं आणि प्लास्टिक वाकतं, म्हणून प्रत्येक थराला थांबत होता. आई शेजारी बसून बघत होती. "काय करतोस रं त्याला?" तिने विचारलं. "जड करतोय, आई. टिकायला पायजे," तो म्हणाला. प्लास्टर वाळल्यावर त्याने पॉलिश पेपर घेतला आणि प्रिंटच्या बारीक रेघा घासून काढल्या, गालावरच्या, कपाळावरच्या, हनुवटीखालच्या. चुकीच्या भुवईवरच्या त्या खुणेपाशी त्याचा हात आला. मी बघत होते. कागद खुणेच्या कडेकडेने फिरला आणि पुढे गेला. मग त्याने डोकं ओल्या फडक्याने पुसून आईच्या हातात दिलं आणि कोरेगावची एसटी गाठायला उठला.