गेली की काढू

बस वाहतुकीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाला सगळे कंसराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. उघडलेला कंस बंद केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. संगणकावर तर नाहीच, पण कपाटाचं दार, पेनाचं टोपण, दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं वाक्य, सगळं तो बंद करत सुटायचा. बायको म्हणायची, "जगातलं सगळं बंद करतोस, तेवढं एक तुझं तोंड राहिलं."

काम मात्र चोख. शहरातल्या प्रत्येक बसथांब्याचं संकेतस्थळावर एक पान होतं. हजारभर थांबे, हजारभर पानं. थांब्यांची माहिती एक्सएमएल फायलींमध्ये, म्हणजे कंसांच्या खुणा घातलेल्या मजकुरात, ठेवलेली असे, आणि कुणी पान मागितलं की सर्व्हरवरचं इंजिन ती माहिती साच्यात बसवून पान तयार करून देई. कुठल्या पानांना कुठलं इंजिन लावायचं, त्यानं काय ठेवायचं नि काय गाळायचं, हे सगळं एका कॉन्फिगरेशन फायलीत लिहिलेलं होतं. ती फाइल कंसरावाच्या ताब्यात होती, आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

त्या फायलीत एकच गोष्ट त्याच्या डोळ्यात खुपायची. इंजिनं दोन होती. बहुतेक पानं पहिल्यावर चालत, आणि तीनशे चाळीस पानांसाठी वेगळं दुसरं. ते ताईंनी जोडलं होतं. ताई म्हणजे विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई. कंसराव नवखा आला तेव्हा त्याला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच. हे दुसरं इंजिन कशाला, असं त्यानं दोनतीनदा विचारलं होतं. ताई चष्मा पुसत म्हणायच्या, "राहू दे रे. खातं का तुझं काही?"

खात नव्हतं. पण दर सुधारणेला एकाऐवजी दोन ठिकाणी हात घालावा लागायचा. तीन वर्षांपूर्वी एकदा असाच वैतागून त्यानं त्या तीनशे चाळीस पानांच्या साच्यात एक शेरा लिहून ठेवला. शेरा म्हणजे काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेली ओळ. इंजिन ती गाळून टाकतं, प्रवाशाच्या नजरेला पडत नाही. म्हणून तर लोक तिथं मोकळेपणानं लिहितात. कंसरावानं लिहिलं होतं: "इथे दुसरं इंजिन का, विचारू नका. म्हातारीची अडगळ आहे. ती गेली की काढू." आणि कंस नीट बंद केला होता.

ताईंच्या निवृत्तीला आठ दिवस उरले असताना त्यानं इंजिनांची नवी आवृत्ती चढवली. जुनी फाइल ओळीओळीनं जुळवायचा कंटाळा केला आणि सोबत आलेली नमुना फाइलच थोडी बदलून वापरली. पानं उघडली, वेळा बरोबर दिसल्या, आणि स्वारी खुशीत घरी गेली. नमुन्यात शेरे गाळण्याची सोय बंद असते, हे त्यानं पाहिलंच नाही.

आता शेरा बाहेर गेला तरी पानावर तो दिसत नाही. ब्राउझरमध्ये पानामागचा मूळ मजकूर उघडला तरच दिसतो. तसं उघडून बघणारं माणूस अख्ख्या शहरात बहुधा एकच होतं. ताई रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन चारदोन पानांचा मूळ मजकूर वाचायच्या, इतर लोक वर्तमानपत्र वाचतात तसा.

सकाळी साडेदहाला त्या आपल्या जागेवरून म्हणाल्या, "शेरे बाहेर येतायत रे."

एवढंच.  कंसरावानं धडपडत गाळण्याची सोय चालू केली, शेरा पुसला, साठवलेली पानं नव्यानं बनवली. सात मिनिटं लागली. मान वर करून बघायचं धाडस झालं नाही. ताईंनी नेमकी कुठली पानं उघडली असतील? त्या तीनशे चाळीसांतलं एखादं नसेलही. दिवसभर तो या एका 'नसेलही'ला धरून बसला. दुपारी ताईंनी डब्यातली काकडीची फोड नेहमीसारखी पुढे केली, ती त्यानं डब्याच्या झाकणात तशीच ठेवली.

संध्याकाळी भाजी चिरत बसलेल्या बायकोला त्यानं सगळं सांगितलं. ती शेरा ऐकून थांबली.

"गेली म्हणजे?"

"म्हणजे निवृत्त झाल्या की."

"तसं लिहिलंयस का?"

"अगं, अर्थ तोच आहे."

"तुझ्या आईबद्दल कुणी असं लिहिलं तर तू काय अर्थ लावशील?" ती म्हणाली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "उद्या जा आणि माफी माग. पाय धर वाटल्यास."

तो गेला नाही. उद्या, परवा करत दिवस ढकलले. लाज अशी की ताईंच्या टेबलासमोरून जायचं टाळण्यासाठी तो पाणी प्यायला खालच्या मजल्यावर जाऊ लागला. त्यात साहेबांनी फर्मान काढलं: निरोपाचं भाषण कंसराव करतील, ताईंच्या हाताखाली तयार झालेले ते.

भाषणात सांगायला चार गोष्टी हव्यात म्हणून त्यानं जुन्या बदलांची नोंदवही उघडली. कुणी, कधी, काय बदललं, का बदललं, हे त्यात लिहिलेलं असतं. बारा वर्षं मागे गेल्यावर ताईंची नोंद सापडली: "दुसरं इंजिन जोडलं. नव्या मुलानं ३४० पानं चुकीच्या एन्कोडिंगमध्ये भरली आहेत, पहिल्या इंजिनात अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात, दुसऱ्यात नीट दिसतात. पोरगा अजून कायम झालेला नाही. वर कळवू नये."

नवा मुलगा म्हणजे तोच. त्याला ती तीनशे चाळीस पानं आठवली. दोन महिने मान मोडून भरली होती, आणि ताईंनी पाठ थोपटली होती. अडगळ म्हातारीची नव्हती, त्याची होती. बारा वर्षं ती बाई ती सांभाळत होती आणि त्याच्याच तोंडून त्याबद्दल टोमणे ऐकत होती. त्याचे कान तापले. खोलीत कुणी नसूनही त्यानं तोंड हातांनी झाकून घेतलं.

निरोपाच्या दिवशी तो उभा राहिला. कागद दुमडून खिशात ठेवला आणि म्हणाला, "माझी नोकरी टिकली ती ताईंनी माझी चूक पोटात घातली म्हणून. मी त्यांची पाठीमागे टिंगल केली. मला लाज वाटते."  आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "वा, काय नम्रपणा!" कुणालाच काही कळलं नव्हतं. शरमेनं मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या टाळ्यांत कळलं. टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं. ताई त्याच्याकडे बघत होत्या.

सगळे पांगल्यावर ताईंनी पिशवी खांद्याला लावली. तो दारापर्यंत गेला.

"ताई, तो शेरा तुम्ही..."

"वाचला. पहिल्याच पानात." त्यांनी चष्मा पुसला. "ती पानं नीट करून घे. मग दुसऱ्या इंजिनाची गरज नाही. बरं, जाते मी."

"येते म्हणा हो, ताई," त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ताई जिन्यापाशी थांबल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"नको. जातेच म्हणते. मी गेल्याशिवाय तू काढणार कसं?"