कंदिलाची निळी काच

स्टेशनातला हिरवा कंदील विझलेला असताना त्याची काच कोणत्या रंगाची असते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? उत्तराची घाई करू नका. माझ्या बापाने या प्रश्नाचे खरे उत्तर दिले आणि त्याचे इंजिन गेले.

आमचे गाव पेणच्या खाडीवर, मिठागरांच्या कडेला. बा तिथून उठून रेल्वेत लागला तो इंजिने पुसणारा खलाशी म्हणून. पुढे फायरमन झाला, आणि घाटाच्या पायथ्याशी जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर चौदा वर्षे मालगाडीच्या इंजिनात कोळसा मारत राहिला. मुख्य लाईनीवरून मेल जात. त्यांची वेळ पोरांनाही पाठ असे. आमच्या गाडीची वाट कोणी बघत नसे. खाडीकडून बैलगाड्यांनी आलेले मीठ, भात, सुकी मासळी आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी दाबून बांधलेले गवत ती ओढून नेई. मिठाच्या वाघिणींतून, म्हणजे मालडब्यांतून, खारे पाणी गळे, रूळ ओले होत आणि चढावर चाके जागच्या जागी फिरत. मग बा खाली उडी टाकून चाकांपुढे मुठीमुठीने वाळू पसरी आणि गाडी हलली की धावत जाऊन पुन्हा चढे. गवत भरलेले असले की धास्ती वेगळी. इंजिनाची एक ठिणगी पुरे. शेवटच्या वाघिणीवर धूळ उडते आहे की धूर निघतो आहे, हे बा इंजिनातून सांगे, आणि ते कधी चुकलेले मला आठवत नाही. हे डोळे होते त्याचे.

मी वाढलो कामगारांच्या पत्रकांवर. कोणी फिटर, कोणी गार्ड मुंबईहून छापील कागद आणी आणि ते आमच्या खोलीत येऊन पडत. बाला अक्षर येत नव्हते. तो जेवायला बसला की मी मोठ्याने वाचायचो आणि तो घास हातात धरून ऐकायचा. मालकापुढे मान खाली घालू नका, भीतीपोटी खोटे बोलू नका, हे मी त्याला किती वेळा वाचून दाखवले असेल! मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि छापलेले सगळे मला तोंडपाठ होते.

अशात बाला ड्रायव्हर करायचे ठरले. त्याआधी कंपनीच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचे होते, आणि तेही पहिल्यांदाच. तपासणीत नापास झालेल्याला इंजिनावर फायरमन म्हणूनसुद्धा ठेवत नसत. म्हणजे पास झाला तर ड्रायव्हर, नाहीतर इंजिनच नाही. त्यातच पेणकडचा माल मोटार लॉऱ्या उचलू लागल्या होत्या. फाट्यावर माणसे जास्त झाली आहेत, असे कचेरीत उघड बोलले जाई.

तपासणीच्या आदल्या दुपारी बा इंजिनांच्या शेडबाहेर बसून कंदील पुसत होता. मी त्याची भाकरी घेऊन गेलो होतो. शेजारी त्याच्या इंजिनाचे ड्रायव्हर बसले होते. चौलकडचे हे म्हातारे मुसलमान गृहस्थ. सगळी शेड त्यांना चाचा म्हणे. चाचांनी बाच्या हातातली हिरव्या कंदिलाची काच घेतली आणि उन्हाकडे धरली.

"ही कोणती?"

"निली," बा म्हणाला. आमच्या बोलीत निळ्याला निलाच म्हणतात.

"झालं! उद्या घरी बसशील. कंपनीत रंग दोनच, लाल आणि हिरवा. लाल नसेल तो हिरवा."

"आनि निला?"

"निळा तुझ्या बायकोच्या लुगड्यात."

बा खो खो हसला. पण काच खरोखरच निळी होती. घासलेटची ज्योत पिवळी असते. तिच्यापुढे ही निळसर काच आली की उजेड हिरवा पडतो. ज्योत नसली की काच उरते निळी. शेडमधल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होते. डॉक्टर मात्र काच दिवसा, खिडकीशी धरून विचारी. तिच्यामागे दिवा लावायची तसदी तो घेत नसे. माणसे हिरवी म्हणत आणि पास होत.

मला संताप आला. "चाचा, तुम्ही यांना खोटं बोलायला शिकवताय!"

"आला छापखाना," चाचा बाकडे वळून म्हणाले. "अरे पोरा, मी तीनदा हिरवा म्हणालोय. तीन वेळा पास. गाडी कधी कुठे आपटली काय?"

"एकानं तरी खरं सांगितलं असतं, तर डॉक्टरनं दिवा लावून विचारलं असतं."

"मग तू सांग ना. तुझा बाप कशाला?"

याला मी जे उत्तर दिले ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हणालो, "माझा बाप घाबरत नाही म्हणून." तेव्हा बाने माझ्याकडे पाहिले. आता वाटते, त्या वेळी मी गप्प राहिलो असतो तर तो हिरवीच म्हणाला असता. बा काच फडक्यात गुंडाळत म्हणाला, "पोरगा बोलतो ते खरा हाय, चाचा. जे दिसल ते सांगन."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर, उघड्या खिडकीखाली मी बसलो होतो. आत डॉक्टर साहेब, आणि त्याचे बोलणे मराठीत सांगणारा कंपाउंडर. लांबची अक्षरे नव्हती, ठिपके मोजायचे होते. बाने ते भराभर मोजले. लाल काच आली. "लाल." मग दुसरी आली.

"निली हाय, साहेब."

"नीट बघून सांग," कंपाउंडर म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. त्याला बाला वाचवायचे होते, असे मला आजही वाटते.

"नीटच बगतो. हातात निली हाय. मागं दिवा लावा, मंग हिरवी दिसल."

डॉक्टरने विचारले, काय म्हणतो? कंपाउंडरने एवढे लांब वाक्य सांगितलेच नाही. निळी म्हणतो, इतकेच सांगितले. टाक कागदावर फिरल्याचा आवाज आला आणि पुढच्या माणसाला हाक गेली.

बा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. "खरा तेच सांगितला," तो मला म्हणाला. निकाल आठ दिवसांनी कळला. रंग ओळखता येत नाहीत, इंजिनावर ठेवण्यास अपात्र.

मी चार पाने अर्ज लिहिला. त्यात जुलूम हा शब्द पुष्कळदा होता. वैद्यकीय निकालावर तक्रार चालत नाही, असा एका ओळीचा शेरा घेऊन तो परत आला. मग मी दोनच ओळी लिहिल्या: हिरव्या कंदिलाची काच दिवसा निळी दिसते, हे आम्ही खाली सही करणारे जाणतो. तो कागद घेऊन मी शेडमध्ये माणसामाणसापुढे उभा राहिलो. कोणी हात तेलाचे आहेत म्हणाला, कोणी उद्या ये म्हणाला. शेवटी चाचांकडे गेलो.

"मी हिरवा म्हणून पास झालोय," ते म्हणाले. "आता निळा म्हणून सही करू? मग माझे डोळे तपासतील. माझ्या घरी सात माणसं आहेत रे, छापखाना."

या वेळी त्यांनी तो शब्द थट्टेने उच्चारला नाही. मी त्यांना भेकड म्हणालो आणि निघून आलो. ते भेकड नव्हते. चौदा वर्षे त्यांनी बाला इंजिन शिकवले होते.

कंपनीने बाला कोळशाच्या ढिगावर टोपल्या उचलायचे काम देऊ केले. ज्या इंजिनावर उभा होता त्याच इंजिनात खालून कोळसा चढवायचा! तीन दिवस त्याने ते केले. चौथ्या दिवशी आम्ही सामान बांधून गावी आलो.

आता तो मिठागरात आहे. शिमग्याच्या सुमारास मीठ पिकू लागते आणि पावसापर्यंत सगळीकडे पांढरे ऊन पेटलेले असते. खाली मीठ, वर आभाळ. तीन हंगाम झाले. बाचे डोळे सारखे गळतात. संध्याकाळी घरी येताना तो बांध पायाने चाचपतो. डॉक्टरने ज्या डोळ्यांना खोटे ठरवले ते आता खरोखरच जात आहेत. मला तो एका शब्दाने बोललेला नाही. जेवताना अजून म्हणतो, "वाच काय तरी." मी वाचतो, पण पूर्वीसारखा आवाज चढत नाही.

येत्या पावसाळ्यानंतर फाट्यावर पुन्हा ड्रायव्हर होणाऱ्या फायरमनांची तपासणी आहे. पुन्हा तीच काच दिवसा खिडकीशी धरली जाईल आणि पोटासाठी सगळे हिरवी म्हणतील. एखादा खरे बोलला तर तो घरी जाईल. रेल्वेच्या माणसांकडे मी आता सही मागणार नाही. त्यांना ती परवडत नाही. तुम्हाला परवडते. म्हणून तुमच्याकडे मागतो. तुमच्या जवळच्या स्टेशनात दुपारी जा. दिवेवाला कंदील पुसत बसलेला असेल, त्याच्याकडून हिरव्या कंदिलाची काच घटकाभर मागून घ्या आणि उजेडाकडे धरा. जे दिसेल ते एका पोस्टकार्डावर लिहा, खाली आपली सही करा आणि ते कार्ड तुमच्या भागातल्या रेल्वे कंपनीच्या मोठ्या डॉक्टरला पाठवा. हिरवी दिसली तर हिरवी लिहा. फक्त दिवा लागायच्या आधी बघा.