चार डिस्क आणि एक 'हव'

राज्य नवं, राजधानी नवी. रायपूरच्या त्या सरकारी कार्यालयात मी पुण्याहून रुजू झाले तेव्हा खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं आणि माझ्या डोक्यातली हवाही. आठवड्याभरातच साहेबांशी माझं वाजलं.

कारण चार डिस्क. गावोगावचे जुने नकाशे स्कॅन करून झाले होते. मूळ कागद इतके जीर्ण की पुन्हा काचेवर ठेवले असते तर चुराच झाला असता. म्हणजे आता जे होतं ते स्कॅनमध्येच. ते नव्या सर्व्हरवर ठेवायचं होतं, चार डिस्क एकत्र बांधून. एक बिघडली तरी उरलेल्या तीन निभावून नेतात. याला रेड म्हणतात. ही बांधणी वेगळं कार्ड बसवून करायची की सर्व्हरच्या सॉफ्टवेअरकडूनच करून घ्यायची, यावर आमचं अडलं.

साहेब रायपुरातच वाढलेले मराठी. "मले तं कार्डच पाहिजे," ते म्हणाले. "पण तुमचं बी लावून पाहू. दूध का दूध, पानी का पानी."

पहिल्या दिवशी माझं सॉफ्टवेअर, दुसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड. स्कॅन आधी एका जुन्या डिस्कवर साठवले होते; दोन्ही वेळा तिच्यावरून तेच नकाशे उतरवले. वाचताना दोन्ही सारखीच, माझं जरा पुढेच. लिहिताना मात्र कार्डाने माझं नाक कापलं. ते सगळं आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं आणि मग सावकाश डिस्कवर लिहायचं. मला राग आला. निकाल खरा होता म्हणून जास्तच आला.

रेकॉर्ड रूमचे दादा शेजारी उभे होते. एकेक नकाशा त्यांनीच तळहाताने सपाट करून काचेवर ठेवला होता. जुनी डिस्क आता दुसऱ्या टेबलाला द्यायची होती. मी विचारलं, "दादा, इसको मिटा दें?"

"हव."

हवं! म्हणजे ठेवायची. साहेबांच्या संगतीत दादासुद्धा मराठी शिकले, या कौतुकात मी ती डिस्क रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

चार दिवसांनी सर्व्हरवर लाल दिवा लागला. स्क्रीनवर कार्ड सांगत होतं, दोन नंबरची डिस्क गेली. आता कळेल कार्डाची करामत, असं म्हणत मी डावीकडून दुसरी डिस्क ओढून काढली. कार्ड शून्यापासून मोजतं, मी एकापासून. बिघडलेली होती तिसरी. मी धडधाकट उपटली होती. एक गेली तर चालतं, दोन गेल्या की सगळंच जातं. घाईने परत खुपसली, पण कार्ड ओळखच देईना. मला रडू फुटलं. धावत आलेल्या दादांच्या हातांकडे बघवेना.

"काहून रडून राहिल्या?" साहेब आले. सगळं ऐकल्यावर तेही खुर्चीत बसले. "जुनी डिस्क तं आपण पुसली ना?"

"नाही. ड्रॉवरमध्ये आहे. दादाच म्हणाले ना, हवं म्हणून."

दादा गोंधळले. "हम तो मिटाने को बोले थे."

साहेब आधी दादांकडे, मग माझ्याकडे बघत राहिले आणि पोट धरून हसायला लागले. "अवो मॅडम, हव म्हणजे हो. छत्तीसगडीतलं हो."

संध्याकाळपर्यंत नकाशे परत आले. कार्ड राहिलं, मीही राहिले. कोण वेगवान यावर आठवडाभर भांडलो, पण एक प्रत बाजूला ठेवावी, हे आम्हा दोघा शहाण्यांना सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि या गावात आपलं जमेल असंही त्याच दिवशी पहिल्यांदा वाटलं.

निघताना दादांना विचारलं, "एक कॉपी और बना दें? आपके कमरे में रखेंगे."

"हव," दादा म्हणाले, आणि मी पुन्हा घोळ घालू नये म्हणून मानही हलवली.