जागेवर न जाता केलेली सही

आमच्या संघटनेत पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतले मिळून सव्वीस सिव्हिल इंजिनियर होते. वर्षाला एक रक्तदान शिबिर, एक सहल, इंजिनियर दिनाला शाळेतल्या मुलांसाठी पुलाच्या प्रतिकृतींची स्पर्धा, आणि सिमेंटवाल्यांनी दिलेल्या जेवणाआधी त्यांचंच एक व्याख्यान. याखेरीज दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी, पेडण्याच्या बाजारातल्या एका दुकानावरच्या खोलीत बैठक व्हायची. पत्रिकेवर विषय काहीही असो, खरं काम सह्यांचं असायचं.

सव्वीस जणांपैकी बांधकामाच्या मजबुतीचा दाखला देण्याचा परवाना फक्त दोघांकडे होता. त्यातला एक मी. घराचा किंवा संरक्षक भिंतीचा नकाशा कुणीही काढला, तरी पंचायतीत दाखल करण्याआधी त्यावर आमच्या दोघांपैकी एकाची सही लागे. ही सही कशी करायची याचे नियम आहेत. जागा पाहायची, माती पाहायची, मग हिशेब तपासायचा. आमच्याकडे मात्र रीत अशी पडली होती, की फायली टेबलावर एकावर एक रचायच्या आणि चहा-भजी संपेपर्यंत त्या संपवायच्या. सदस्याची जागा बघायला जाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असं धरलं जाई. दुसरे परवानेवाले तर फाईल उघडतही नसत. मी उघडत असे, आणि प्रत्येक आकडा पुन्हा मांडत असे. त्यावरून माझी थट्टा चाले. मला त्या थट्टेचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

"सही कर मरे," आमचे अध्यक्ष म्हणायचे. ते सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. "कॅल्क्युलेटरची बॅटरी संपेल, पण तुझं समाधान होणार नाही."

ज्या फाईलबद्दल लिहितो आहे ती पेडण्यातच ऑफिस असलेल्या एका सदस्याची होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कामाला झपाट्याचा, मला भाई म्हणणारा. माझे वडील बांबोळीच्या इस्पितळात होते तेव्हा हा न सांगता येऊन बसला होता, सलग तीन दिवस. पार्स्याच्या बाजूला एका मालकाने डोंगराचा उतार कापून प्लॉट केला होता. वरची माती अडवायला मागे चिऱ्याची भिंत बांधायची होती. उंची तीन मीटर, पाया जमिनीत नव्वद सेंटीमीटर. मी हिशेब पुन्हा केला. मातीचं वजन त्याने कमी धरलं होतं. मी ते दुरुस्त केलं आणि पाया दहा सेंटीमीटरने रुंद करायला लावला.

"बघा," तो बाकीच्यांना म्हणाला, "भाईंनी बघितलं की मला निवांत झोप लागते."

फाईलला चार पानं होती. मी चारही पानांवर सही केली. चौथं पान प्लॉटच्या मांडणीचं होतं. त्यावर हिशेब नव्हता, म्हणून त्यावर नुसती सही केली.

भिंत उन्हाळ्यात उभी राहिली. ऑगस्टमध्ये चार दिवस न थांबता पाऊस पडला आणि पाचव्या दिवशी दुपारी तिचा चौदा मीटरचा तुकडा खाली आला. पायथ्याशी कामगारांची पत्र्याची शेड होती. आत मेस्त्री जेवत बसला होता, बेळगाव जिल्ह्यातला, चाळिशीचा. त्याची बायको भांडी घासायला नळावर गेली होती म्हणून वाचली. तो वाचला नाही.

मला हे संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. आधी एक फोटो आला. मग कुणीतरी विचारलं, "फाईल कुणाची?" त्याखाली अध्यक्षांनी लिहिलं, "इथे कुणी काही लिहू नका."

आठवड्याभरात मामलेदार कार्यालयाने संघटनेकडेच तांत्रिक अहवाल मागितला. अध्यक्षांचा मला फोन आला. "तूच जा. सही तुझी आहे. दुसरा गेला तर नको ते लिहून येईल."

मी सर्वणच्या माझ्या घरून मोटारसायकलने निघालो. त्या जागेवर मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. ढिगारा बाजूला केला होता, पण न पडलेला भाग उभा होता. त्याच्या टोकाशी मेस्त्रीचा धाकटा भाऊ थांबलेला. तोही गवंडीच.

"कुठून आला साहेब?"

"इंजिनियरांच्या संघटनेकडून. मापं घ्यायला."

"टेप मी धरतो की."

त्याने टेपचं टोक भिंतीच्या माथ्याला लावलं. मी खाली सोडला. माझ्या हिशेबात जिथे जमीन असायला हवी होती तिथे जमीन नव्हती. तीन मीटरला पाया दिसायला लागला. पाया संपला आणि त्याच्याखाली उघडी माती दिसली. टेप तळाला टेकला तो चार मीटर पस्तीसवर. पायाच्याही खाली पंचेचाळीस सेंटीमीटर खोदलं होतं. भिंतीची उघडी उंची जवळजवळ दीडपट झाली, की तिला उलथवणारा जोर सुमारे तिप्पट होतो. हे गणित मला वहीशिवाय येतं. इथे तर तो जोर पेलायला पायापुढे माती उरलीच नव्हती.

"हे कुणी खोदलं?"

"मशीननं. मालकानं लावलेलं. गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून. अण्णानं विचारलेलं, एवढं खाली जायचं काय म्हणून. तर नकाशा दाखवला त्याला. साहेबांच्या सह्या हायत म्हणाले, तू कोण विचारणारा." तो टेप गुंडाळत राहिला. "आता लोक म्हणायलेत, मेस्त्रीनंच पाया उकरला. वहिनीलाबी कुणीतरी सांगितलंय, तुझ्या नवऱ्याच्या चुकीनं झालं. साहेब, मेलेलं माणूस काय परत येत नाही. पण ते तेवढं त्याच्या नावावर घालू नका."

मी बघतो, म्हणालो. माझी सही होती हे त्याला सांगितलं नाही. सांगता आलं असतं, आम्ही दोघंच होतो तिथे.

घरी येऊन फाईलची माझ्याकडची प्रत काढली. चौथ्या पानावर, भिंतीच्या पुढ्यात, एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं: पार्किंग, पातळी उणे १.३५ मीटर. दुसऱ्या पानावर भिंतीचा उभा छेद होता. त्यात भिंतीपुढची जमीन शून्यावर होती. दोन पानं शेजारी शेजारी ठेवली असती तर दहा सेकंदांत दिसलं असतं. मी मातीच्या वजनातली चूक पकडत बसलो होतो.

पुढच्या शनिवारी अध्यक्षांनी अहवाल तयारच करून आणला होता. अपघाताचं कारण: अतिवृष्टी, आणि मेस्त्रीने परवानगीविना पायथ्याची माती काढणे. खाली सहीसाठी माझं नाव टाईप केलेलं. मी चौथं पान टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी ते वाचलं. भज्यांच्या बशीकडे कुणाचा हात गेला नाही.

ज्याची फाईल होती तोच शेवटी बोलला. "भाई, मालकाने पार्किंग मागाहून मागितलं. फाईल तुमच्यापुढे ठेवायच्या आधी मी चौथं पान बदललं. छेद बदलायचा राहिला."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही सगळं तपासता म्हणून मी परत बघत नाही."

 

अध्यक्ष खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "हे बघ. मेलेल्याला कुणी शिक्षा करत नाही. तुम्हा दोघांना करतील. याची दोन मुलं शाळेत. तुझी मुलगी कॉलेजात. हे पान आलंच नव्हतं असं समज."

"पंचायतीत प्रत आहे."

"पंचायतीतली फाईल उघडतो कोण? तू सोडून असला उद्योग करणारा पेडण्यात जन्माला आलेला नाही." एक-दोघं हसले.

मी सही केली नाही, पण नाहीही म्हणालो नाही. अहवाल घडी घालून घरी आणला आणि तीन दिवस कपाटात ठेवला. त्या तीन दिवसांत मी सही करण्याच्या किती जवळ गेलो होतो ते मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "सही करायच्या आधी तुम्ही तिथे गेला होता?"

"नाही."

"मग तेवढं लिहा."

मी माझा अहवाल लिहिला, दीड पान झालं. मापं, चौथं पान, आणि जागा न पाहता सही केल्याचं एक वाक्य. कार्यालयात देण्याच्या आदल्या दिवशी मी ज्याची फाईल होती त्याला फोन करून सांगितलं. तासाभरात तो सर्वणला आला. बलकांवात, दारापुढच्या बाकावर बसला. बायकोने चहा आणून ठेवला, त्याने घेतला नाही.

"माझं नावही घालणार?"

"पानावरच आहे ते."

"एक दिवस आधी कळवलंत, उपकार झाले." तो उठला. इस्पितळातल्या त्या तीन दिवसांचा त्याने उल्लेख केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं.

चौकशी झाली. दोघांचीही नोंदणी निलंबित झाली. त्याने पेडण्यातलं ऑफिस बंद केलं आणि पर्वरीला एका बिल्डरकडे सुपरवायझर म्हणून लागला. फोन करतो तर उचलत नाही. मला संघटनेने राजीनामा मागितला नाही. एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, तेवढंच. शनिवारच्या बैठका चालू आहेत असं ऐकतो. आणखी एकाला परवाना मिळाला आहे, फायली आता त्याच्यापुढे ठेवतात.

चौकशीच्या आदेशाची प्रत हाती आली त्या आठवड्यात मेस्त्रीच्या भावाचा गावाकडून फोन आला. नंबर मी त्याला मापं घेतली त्या दिवशी दिला होता.

"साहेब, काय झालं त्याचं? अण्णाचं नाव काढलं काय?"

"काढलं."

"कागद हाय? वाचा की. वहिनी इथंच हाय. फोन मोठा केलाय मी."

मी वाचलं. खोदकाम मंजूर नकाशाप्रमाणेच झाले होते, मयत मेस्त्रीचा त्यात कोणताही दोष आढळला नाही. पलीकडे कुणीतरी जोरात श्वास घेतला. तिथेच थांबता आलं असतं. मी पुढचं वाक्यही वाचलं. मजबुतीचा दाखला देणाऱ्या अभियंत्याने जागेची पाहणी न करता सही केली होती.

"हा कोण अभियंता?" त्याने विचारलं.

"मी."

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता शिव्या देईल, किंवा फोन ठेवेल. मग बाईचा आवाज आला, फोनपासून लांबचा. काय म्हणाली ते मला कळलं नाही. त्याने सांगितलं.

"ती म्हणतेय, अण्णाचं हाय तेवढं परत वाचा. सासऱ्याला बोलवून आणते."

ती त्यांना घेऊन येईपर्यंत मी कागद हातात धरून बसून राहिलो. मग पुन्हा वाचलं, तेवढंच.