गोपिकाचा डावा हात

बाहत्तर साली वच्छलाबाई नागपूरच्या इतवारीत बालवाडी चालवत होत्या. मुलांना त्यांच्या कलानं वाढू द्यायचं, ही त्यांची रीत. एका सकाळी चार वर्षांची गोपिका आली, तर तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलेला. उजव्या हातात खडू धरताना ती रडकुंडीला आली. बाईंनी गाठ सोडली. गोपिका डाव्या हातानं फरशीवर भलामोठा बैल काढू लागली.

तिला न्यायला आलेली आई, प्रेमिला, चिडली. "बाई, हात काहून सोडला? लोक हसतीन तिले."

"बस वं जरा. ते काय काढून राहिली, पाह्य."

प्रेमिला टेकली. बऱ्याच वेळानं तिनं लेकीला विचारलं, "शिंगं कुठी हायेत याचे?"

"काढतो ना!"

खडू घरंगळला होता. प्रेमिलानं तो उचलून गोपिकाच्या डाव्या हातात दिला.