अंड्यातली न दिसणारी जाळी

दुसऱ्याच महिन्यात गर्भ पडला आणि माझी लेक माहेरी आली, तेव्हापासून ती धड जेवत नव्हती, बोलेनाशी झाली होती. काल्हेरच्या गोदामात ड्युटीवर असताना तिने एक जड खोका उचलला होता. तेवढंच मनात धरून बसली होती. तिच्या सासूने एकदाच विचारलं होतं, "काय उचललंस गं?" खोक्यानेच झालं का, हे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना विचारावं असं मला फार वाटलं, पण परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही.

त्याच सुमारास माझी भाची राहायला आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते. आमची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंडी भरली की नाही, म्हणजे आत जीव धरला की नाही, हे मी उजेडापुढे धरून बघते. दुपारी लाईट गेली, शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम थांबले, तशा आम्ही तिघी कोठीत दार लावून बसलो. भाचीने मोबाईलची बॅटरी लावली. अंड्यात लाल धागे दिसले.

"या शिरा, मावशी. पण आत एक जाळी असते, ती डोळ्यांना दिसत नाही. पेशी ती स्वतःच विणतात आणि तिलाच धरून पुढे सरकतात. हृदयाच्या पेशी आधी दोन बाजूंना असतात. जाळीवरून चालत मध्ये येतात, जुळतात, मग धडधड सुरू होते."

मला ते अंडं खाली ठेववेना. मी लूमवर काम केलंय. तिथे आधी ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, जड बीम चढवावा लागतो, त्याला माणसं लागतात. इथे चढवणारं कुणीच नाही. ज्याचं कापड व्हायचं, तेच आपला ताणा सोडतं आणि त्यावरूनच चालतं. कोंबडी नुसती ऊब देते.

"आणि जुळलं न्हाय तर?" लेकीने विचारलं.

"तर तिथेच थांबतं, ताई. बहुतेक वेळा सुरुवातीलाच काही बिघडलेलं असतं. खोक्याने नाही."

"तू काय डॉक्टर हायस?"

"मग डॉक्टरांना विचार. मी येते सोबत."

लेक एकेक अंडं बॅटरीपुढे धरत राहिली. एकात धागाच नव्हता, नुसता पिवळा उजेड. ते बाजूला काढायला मी हात पुढे केला, पण तिने ते दिलं नाही. कोंबडीकडे बघत म्हणाली, "आये, हिला कुणी विचारलं न्हाय, काय उचललंस म्हणून."

भाचीला हसू फुटलं. लेकही हसली, आणि मग पुष्कळ रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. लेकीने स्वतः विचारलं. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, खोक्याने नाही. परतताना रिक्षात ती म्हणाली, "भूक लागलीय."