पहिला मासा पाण्याचा

प्रबोध सहस्रबुद्धे मासे खात नाही. चिंचवडच्या घरी त्याची आई 'मासळी' हा शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारायची, शेजारच्यांच्या घटस्फोटाबद्दल बोलावं तसा. अशा घरातल्या माणसाला सिंगापुरात येऊन मासे धरायचं वेड लागावं, आणि तेही कसं, तर धरायचा, मोजायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. त्याची बायको मधुवंती माहेरची टिपणीस, चौलची. "खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला बोलावता कशाला?" असं ती दर महिन्याला विचारायची.

याला उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. तांजोंग पगारच्या एका बँकेत प्रबोध कम्प्लायन्सला होता. म्हणजे लोकांनी काय काय करू नये, हे त्यांना दिवसभर ईमेलने कळवायचं. सेंगकांगच्या फ्लॅटवर परतला की रात्री लंडनवाल्यांचे फोन. महिन्यातला एक रविवार, जलाशयावरची क्लबची छोटी बोट, पाच तास, फोन बंद. त्या बोटीत त्याला कोणी 'अर्जंट' म्हणत नसे.

नेमकी तीच जागा जायची वेळ आली होती. बोटी मोजक्या, बाहेर वेटिंग लिस्ट लांब. क्लबचा नियम असा की वर्षाकाठी निदान एक मासा तरी पट्टीवर ठेवून, फोटोसकट दाखवायचा. तीन वर्षं प्रबोधची पाटी कोरी होती. सेक्रेटरी मिस्टर गोह प्रत्येक शब्द टेबलावर वेगळा मांडून बोलायचे. "मिस्टर प्रबोध. थ्री इयर ऑलरेडी. दिस संडे अल्सो नो फिश, आय गिव्ह युअर सीट टु अदर पीपल. ओके?" ते 'ओके' म्हणजे प्रश्न नव्हता.

डिसेंबर २००७ मधली ती वर्षाची शेवटची फेरी. शनिवारी संध्याकाळी त्याचा बोटीतला जोडीदार सुबोध तापाने आडवा झाला. एकट्याला बोट मिळत नाही. दोन महिन्यांसाठी आलेले सासरे, श्रीनिवास टिपणीस उर्फ नाना, सोफ्यावरून म्हणाले, "मी आहे की."

प्रबोधने तिथेच ओळखायला हवं होतं.

सकाळी धक्क्यावर पहिला वाद नानांच्या स्टीलच्या डब्यावरून झाला. त्यात जवळा होता.

"नाना, इथे खरं आमिष चालत नाही. नियम आहे. फक्त प्लास्टिकचा मासा."

"माशाला माहितीय का हा नियम?"

"डबा गाडीत ठेवा."

"ठेवतो. पण मला सांगा जावईबापू, उपाशी माणसाच्या पुढे कोणी प्लास्टिकची पोळी ठेवली तर तो काय करेल?"

डबा गाडीत गेला. पाण्यावर वारा असा होता की बोट पुढे कमी आणि आडवी जास्त जात होती. प्रबोध मोटर चालू करून बोट जागेवर आणायचा, रॉड उचलेपर्यंत ती पुन्हा पाणगवतात. दोरा फेकला की वारा त्याची कमान करून तो त्याच्याच टोपीवर आणून टाकायचा. नाना पुढे मांडी घालून बसले होते आणि आकाशवाणीसारखे बोलत होते.

"आता सोडला. आता परत आला. टोपीला लागला. टोपी मोठी आहे, मोजायची का?"

"नाना, जरा शांत."

"मी शांतच आहे, वारा बोलतोय. ती बादली बांधून मागे सोडा म्हणजे बोट धरून राहील. रेवदंड्याला आम्ही..."

"इथे मोटर आहे, नाना."

साडेआठच्या सुमाराला नानांनी कंटाळून दुसरा रॉड उचलला, प्लास्टिकच्या माशाला "जा बाबा, नशीब काढ" म्हटलं आणि मनगटाच्या एका झटक्यात तो वाऱ्याखालून सरळ बुडालेल्या झाडाशी टाकला. दोन वेळा गुंडाळलं. तिसऱ्या वेळी रॉड वाकला.

हिरवट सोनेरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, शेपटीवर मोरपिसाचा डोळा. पीकॉक बास. चाळीस सेंटिमीटरहून कमी नव्हता. मोजायची पट्टी सीटखाली, कॅमेरा वॉटरप्रूफ पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिची चेन अडकलेली. ती उघडून त्याने मान वर केली, तेव्हा नाना मासा दोन्ही हातांनी कपाळाला लावून पाण्यात सोडत होते.

"नाना. काय केलंत हे?"

"पहिला पाण्याचा असतो. आमच्या घरात आजोबांपासून आहे."

"मोजायचा होता तो."

"मग बोलायचं नाही का? मला वाटलं, रुमाल शोधताय."

"काल रात्रीपासून सांगतोय मी. मोजायचा, फोटो काढायचा, मग सोडायचा."

"त्यातलं सोडायचा एवढं ऐकलं मी. म्हटलं, जावई सुधारला."

पुढचा तासभर प्रबोध दोरा फेकत राहिला. त्याच्या डोक्यात ईमेलची वाक्यं तयार होत होती. सर्व संबंधितांना कळवण्यात येते की. त्यात बोट पाच वेळा गवतात गेली, आणि दहा वाजून गेल्यावर मोटरच्या बॅटरीने मान टाकली. आता सहा वल्ही हाणली की चार वल्ह्यांइतकं मागे. शेवटी त्याने बादली दोरीला बांधली आणि मागच्या बाजूने पाण्यात सोडली.

बोट जागेवर राहिली. नाना "रेवदंड्याला..." एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. हे आणखी वाईट होतं.

अकरा वीसला प्रबोधचा दोरा ताणला गेला. आधी त्याला वाटलं, गवत आहे. मग गवत डावीकडे पळालं. मासा आत येईपर्यंत त्याने काय काय केलं ते त्याला नंतर आठवलं नाही, फक्त नाना पहिल्यांदाच एक शब्दही बोलले नव्हते, हे आठवलं. मासा पट्टीवर आडवा झाला. एकतीस.

"तुमचा जन्मातला पहिला," नाना हळूच म्हणाले.

प्रबोधने त्यांच्याकडे पाहिलं. "आधी फोटो."

"घ्या की. मी काय अडवलंय? पाणी थांबेल."

कॅमेरा नानांच्या हातात गेला. "हसा जरा."

"नाना, मासा घ्या. पट्टी घ्या. आकडा दिसला पाहिजे."

"माणूस कुठे घेऊ मग?"

"माणूस नको."

तीन फोटो झाले. प्रत्येक फोटो प्रबोधने तपासला, तिसऱ्यात आकडा होता. तोवर मासा तोंड उघडून घाई करत होता. प्रबोधने त्याला उचललं आणि कोणी सांगितलेलं नसताना कपाळापर्यंत नेलं. मासा चष्म्यावर घासला. पाण्यात तो क्षणभर त्याच्या तळहातावर तसाच राहिला आणि मग गेला.

पावणेबाराला, घामाघूम होऊन वल्हवत ते धक्क्याला लागले. मिस्टर गोहनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला. "थर्टी-वन. स्मॉल." मग वहीत खूण केली. "बट हॅव. नेक्स्ट इयर सेम सीट." प्रबोध बाकावर बसला. फोन चालू करायचं त्याने आणखी पाच मिनिटं टाळलं. तोवर नानांनी गोहना गाठलं होतं आणि हिंदी, इंग्रजी आणि दोन्ही हात वापरून आपला मासा सांगत होते. हातांमधलं अंतर पन्नासच्या पुढे गेलं होतं. गोह मन लावून ऐकत होते. इतकं मन लावून त्यांनी प्रबोधचं कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मधुवंतीने विचारलं, "मग? धरला का कोणी?"

"धरला मी," नाना आमटी वाढून घेत म्हणाले, "यांनी मोजला."

"मीसुद्धा धरला, नाना. एकतीस."

"हो हो, तोही होता. माझा साठचा."

"साठ?" प्रबोधने चमचा खाली ठेवला. "पुरावा काय त्याला?"

"पाण्याला विचारा," नाना म्हणाले. "आणि चष्मा पुसा आधी. खवलं चिकटलंय."